दुर्मिळ पेट शोधायचा आणि टेम करायचा कसा: वॉरक्राफ्टमधल्या नवीन हंटरांसाठी

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेममध्ये हंटर म्हणजे शिकारी कॅरेक्टर घेतलं की सुरुवातीला पेट म्हणजे सोबत लढणारा प्राणी म्हणून जो काही अस्वल, लांडगा मिळतो त्याच्यावर बरेच दिवस निघतात. मग कधीतरी शहरात कोणाच्या तरी मागे एक अर्धपारदर्शक, अंगातून निळा उजेड येणारा बिबट्या चालताना दिसतो आणि संपलं, तो आपल्याला पण पाहिजे असतो. तिथून पुढे काय करायचं हे कोणी नीट एका जागी सांगत नाही, एक जण कोऑर्डिनेट (नकाशावरच्या जागेचे आकडे) देतो, दुसरा ॲडऑनचं (गेमला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचं) नाव सांगतो, तिसरा म्हणतो नशिबाचा खेळ आहे. नशिबाचा भाग आहेच, पण माझं मत असं की दुर्मिळ प्राणी न सापडल्यामुळे जेवढे हुकतात तेवढेच सापडल्यावर हुकतात. समोर उभा असतो आणि आपला स्पेक (हंटरचा निवडलेला प्रकार) चुकीचा, जुना पेट बाहेर, बाण आधीच सुटलेला. म्हणून खाली शोधाच्या आधी तयारीवर जास्त लिहिलंय, ते वगळून खाली पळू नका.

हे सगळं मुख्यतः रिटेल म्हणजे चालू गेमबद्दल आहे. क्लासिकमध्ये (गेमची जुनी आवृत्ती) बरंच वेगळं आहे, ते शेवटून दुसऱ्या पायरीत घेतलंय.

१. आधी नक्की काय पाहिजे ते ठरवा

नवीन लोकांचा पहिला गोंधळ इथेच होतो. गेममध्ये प्राणी तीन प्रकारे आपले होतात. एक माउंट, ज्याच्यावर बसायचं. दुसरे बॅटल पेट, ते कुठल्याही क्लासला मिळतात, बरेचसे पिंजऱ्यात घालून विकता येतात, लिलावात पण मिळतात. आणि तिसरे हंटरचे पेट, जे फक्त हंटरलाच टेम करता म्हणजे माणसाळवता येतात, बाजूला उभे राहून लढतात आणि कोणालाही विकता किंवा देता येत नाहीत. हा लेख फक्त तिसऱ्याबद्दल आहे.

आणि हो, म्हणूनच चॅटमध्ये कोणी "इतकं गोल्ड दे, तुला स्पिरिट बीस्ट देतो" म्हणाला तर सरळ दुर्लक्ष करा. हंटरचा पेट ट्रेड होतच नाही. फार तर तो जागा दाखवू शकतो, आणि जागा फुकट कळतात.

दुर्मिळ म्हणजे पण दोन गोष्टी असतात. काही प्राणी क्वचित उगवतात म्हणून दुर्मिळ, काही रोज तिथेच असतात पण त्यांना टेम करणं किचकट असतं किंवा आधी काहीतरी शिकावं लागतं. दोन्हीची तयारी वेगळी. पहिल्यासाठी वेळ लागतो, दुसऱ्यासाठी पुस्तक नाहीतर डोकं.

पहिला शोध म्हणून नॉर्थरेंड या भागातले स्पिरिट बीस्ट, म्हणजे भुतासारखे चमकणारे प्राणी, उत्तम. २००८ साली आलेल्या रॅथ ऑफ द लिच किंग या विस्ताराच्या काळापासून लोक यांच्या मागे आहेत, त्यामुळे यांच्या जागा माहितीच्या आहेत:

- लोकेनाहाक: शोलाझार बेसिन. वर म्हटलेला तो उजेडाचा बिबट्या हाच. बऱ्याच जागी उगवतो.
- गोंड्रिया: झुलड्रॅक. मोठी मांजर, हिच्यापण अनेक जागा.
- स्कोल: स्टॉर्म पीक्स. विजेसारखा निळा लांडगा.
- आर्कट्युरिस: ग्रिझली हिल्स, अंबरपाइन लॉजच्या जवळ नदीकाठी. ताऱ्यांचं अस्वल. याची जागा एकच आहे, म्हणजे फिरायचं नाही, नुसतं टपून बसायचं.

शोलाझारमध्येच किंग क्रश नावाचा भलामोठा हिरवा डेव्हिलसॉर (डायनासोर) पण फिरतो. लोकेनाहाकच्या मागे जाणार असाल तर त्याच्यावरही नजर ठेवा, एकाच फेरीत दोघांचं काम होतं.

२. सामान गोळा करा

निघायच्या आधी हे सगळं असलं पाहिजे:

- बीस्ट मास्टरी स्पेक. स्पिरिट बीस्ट, डेव्हिलसॉर, कोर हाउंड, किमेरा ही सगळी एक्झॉटिक जात आहे आणि ती फक्त बीस्ट मास्टरीलाच चालते. कॅरेक्टर नवीन असेल तर स्पेलबुक उघडून एक्झॉटिक बीस्ट्स नावाची पॅसिव्ह (आपोआप चालू असणारी क्षमता) मिळालीय का ते बघा, नसेल तर आधी लेव्हल वाढवा.
- उडणारं माउंट. जमिनीवरून शोलाझार फिरत बसलात तर कंटाळून सोडून द्याल.
- पेट ठेवायला मोकळी जागा. सोबत फिरवायचे पाच पेट असतात, त्यातली एक जागा रिकामी करून ठेवा. स्टेबलमध्ये (पेट ठेवायच्या तबेल्यात) दोनशेच्या आसपास जागा आहेत, तिथे जुने ठेवून या, सोडून देऊ नका.
- सिल्व्हरड्रॅगन किंवा रेअरस्कॅनर, दोन्हीपैकी एक ॲडऑन. दुर्मिळ प्राणी जवळ आला की आवाज करतं.
- टॉमटॉम. कोऑर्डिनेट टाकले की बाण दाखवतं, फेरी मारायला लागतंच.
- पेटोपिया ही साइट. हंटर पेटसाठी याच्यापेक्षा चांगलं काही नाही, प्रत्येक रंग, प्रत्येक जात, कुठे मिळतो, फोटोसकट. वाउहेडवर प्रत्येक प्राण्याच्या पानाखाली लोकांच्या कमेंट असतात त्यापण वाचा, नकाशावरचे ठिपके आणि लोकांचे अनुभव यात कधीकधी फरक असतो.

ॲडऑन नेहमीच्या ॲडऑन मॅनेजरमधूनच घ्या. "पेट फाइंडर" नावाची कुठलीतरी फाइल चालवून अकाउंट घालवू नका. गेमच्या बाहेरून आपोआप शोधणारं, टेम करणारं काहीही म्हणजे बॉट, आणि बॉटला बॅन आहे.

३. ॲक्शन बार लावा

ही पायरी सगळे हसण्यावारी नेतात. ऐन वेळी स्पेलबुक उघडून टेम बीस्ट शोधायला लागू नये म्हणून आधीच एका ओळीत लावा: डिसमिस पेट, फ्रीझिंग ट्रॅप, टेम बीस्ट. त्याच क्रमाने, शेजारी शेजारी. बाजूला फेन डेथ (मेल्याचं सोंग) आणि ॲस्पेक्ट ऑफ द टर्टल (मार अडवणारं कवच).

एक छोटा मॅक्रो पण करून ठेवा, टार्गेट कमांड आणि पुढे प्राण्याचं पूर्ण नाव, स्पेलिंग तंतोतंत. उडताना हे बटण दाबत राहायचं, प्राणी जवळपास असला की टार्गेट होतो. लांबचा पकडत नाही, पण गवतात, झाडामागे बसलेला जो डोळ्याला दिसत नाही तो पकडतो.

मिनिमॅपच्या ट्रॅकिंगमध्ये ट्रॅक बीस्ट्स चालू करा. ठिपके खूप दिसतील, प्रत्येकावर माउस नेऊन नाव बघता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फेरी मारताना पेट डिसमिस करूनच फिरा. एक तर पेट बाहेर असेल तर टेम बीस्ट चालतच नाही. दुसरं म्हणजे तुमची लेव्हल या जुन्या भागांच्या मानाने फार वर गेलेली असते. पेट असिस्टवर असेल, तुम्ही चुकून एक बाण मारलात की पेट धावला, आणि ज्याच्यासाठी आठवडे घालवले तो एका फटक्यात मेला. हातातोंडाशी आलेला घास असा जातो.

४. फेरी मारणं आणि टपून बसणं

अनेक जागा असलेल्या प्राण्यासाठी फेरी मारायची, एकच जागा असलेल्यासाठी तळ ठोकायचा. हे उलटं केलं की वेळ वाया.

फेरीसाठी पेटोपिया किंवा वाउहेडवरच्या सगळ्या जागा टॉमटॉममध्ये टाका आणि एक गोल ठरवा. फार उंचावरून उडू नका, ॲडऑनला प्राणी दिसायला तुम्ही बऱ्यापैकी जवळ असावं लागतं. उगवायच्या दोन वेळांमध्ये तासन्‌तास जाऊ शकतात, त्यामुळे एकामागून एक फेऱ्या मारून काही होत नाही. एक फेरी, मग दुसरं काम, मग परत एक फेरी असं केलं तरच हे टिकतं.

तळ ठोकायचा असेल तर एक वेगळं कॅरेक्टर तिथे नेऊन लॉगआउट करा. अधूनमधून त्या कॅरेक्टरने लॉगिन करायचं, बघायचं, बाहेर पडायचं. प्राणी दिसला तर मात्र तुमचा हंटर पण तिथेच असला पाहिजे, म्हणून खरं तर हंटरलाच तिथे झोपवणं बरं आणि बाकीचं खेळायला दुसरं कॅरेक्टर वापरणं.

मेलेला प्राणी दिसला तर वाईट वाटून घेऊ नका, ती माहिती आहे. आत्ताच कोणीतरी मारला, म्हणजे पुढचे काही तास इथे काही नाही, जाऊन दुसरं काही करा. लोक मारतात का असं विचारणारे खूप असतात, तर लोकेनाहाक आणि किंग क्रश हे दोघं फ्रॉस्टबिटन नावाच्या अचीव्हमेंटमध्ये मोजले जातात, ज्यात नॉर्थरेंडचे ठरावीक रेअर मारायचे असतात. मारणारा हंटर नसेल तर त्याला त्या प्राण्याची किंमतच माहीत नसते. त्याच्यावर चिडून काही होत नाही, नीट विचारलं तर काही जण थांबतात पण.

शार्डचा एक भाग समजून घ्या. एकाच भागाच्या अनेक प्रती एकाच वेळी चालू असतात, तुमच्या प्रतीत प्राणी नसेल आणि दुसऱ्या प्रतीत असेल असं सर्रास होतं. ग्रुपमध्ये गेलात की बहुतेक वेळा लीडरच्या प्रतीत जाता. म्हणून मित्राला "दिसला, इन्व्हाइट टाकतो" म्हटलं की तो येऊ शकतो. क्रोमी टाइम (लेव्हल वाढवताना जुना विस्तार निवडायची सोय) चालू असेल तर मात्र तुम्ही वेगळ्याच गटात असता, मग मित्राला समोरचा प्राणी दिसतो आणि तुम्हाला नुसतं गवत. असं झालं तर आधी क्रोमी टाइम तपासा.

५. दिसला! आता पुढची अर्धी मिनिट

ॲडऑन ओरडलं. आता घाई नडते, म्हणून क्रम पाठ असू द्या.

थोडं लांब उतरा, त्याच्या डोक्यावर नाही. उतरल्यावर आधी आजूबाजूला बघा, दुसरा हंटर टेम करतोय का. त्याच्या हातातून उजेडाची रेघ प्राण्याकडे जाताना दिसली तर तो त्याचा आहे, गप्प बघत राहा. मध्ये बाण मारून त्याचं मोडणं यासारखा हलकटपणा नाही आणि लोक नाव लक्षात ठेवतात.

कोणी नसेल तर पेट बाहेर आहे का ते परत बघा. माउंटवरून उतरल्यावर काही वेळा पेट आपोआप परत येतो! आधी डिसमिस केला नसेल, नुसते उडत होतात म्हणून दिसत नव्हता, तर तो येऊन उभा राहतो. म्हणून उतरलं की पहिलं बटण डिसमिस.

मग प्राण्यावर क्लिक करून तो जिवंत आहे, कोणी मारत नाहीये आणि तुमच्या लेव्हलपेक्षा वरचा नाहीये हे एका नजरेत बघा. फ्रीझिंग ट्रॅप टाका, तो बर्फात अडकला की टेम बीस्ट. ट्रॅप कशाला असं वाटेल, तर दोन कारणं: टेम होण्याची पट्टी भरेपर्यंत तो तुम्हाला धक्का, स्टन देत नाही, आणि शेजारचे दोन प्राणी अंगावर आले तर तुम्हाला तेवढा वेळ मिळतो. फक्त लक्षात ठेवा, बर्फात असलेल्याला कोणीही इजा केली की बर्फ फुटतो.

टेम बीस्ट चालू असताना हलायचं नाही. कॅमेरा फिरवा, हरकत नाही, पण चालण्याचं बटण नको, उडी नको. मध्ये झाड किंवा दगड येणार नाही अशी जागा घ्या. प्राणी तुमच्याकडे येऊन चावतो, तब्येत खाली जाते, ते चालतं, घाबरून फेन डेथ मारू नका, पट्टी तुटेल. तब्येत खरंच संपतेय असं दिसलं तरच.

पट्टी भरली की तो हिरव्या नावाने तुमच्या शेजारी उभा राहतो.

पट्टी मध्येच तुटली तर लाल अक्षरातला मेसेज वाचा, बऱ्याच वेळा कारण तिथेच लिहिलेलं असतं: पेट आधीच बाहेर आहे, एक्झॉटिक चालत नाही, प्राण्याची लेव्हल जास्त आहे, जागा नाही. मेसेज न वाचता तेच बटण दहा वेळा दाबणारे बरेच पाहिलेत.

६. जे शिकल्याशिवाय टेम होत नाहीत

काही जाती समोर असल्या तरी टेम बीस्ट चालत नाही, आधी एखादी गोष्ट मिळवावी लागते. नेहमी विचारले जाणारे:

- मेकॅनिकल: गॉब्लिन, नोम आणि मेकानोम हंटरना जन्मापासून येतं. बाकीच्यांना इंजिनिअरने बनवलेलं मेका-बाँड इंप्रिंट मॅट्रिक्स लागतं, लिलावात मिळतं.
- डायरहॉर्न: झांडालारी ट्रोलना आपोआप. बाकीच्यांना पांडारियातल्या आइल ऑफ जायंट्सवर झांडालारी डायनोमॅन्सर मारून एन्शंट टोम ऑफ डायनोमॅन्सी मिळवायचं.
- क्लाउड सर्पंट: ऑर्डर ऑफ द क्लाउड सर्पंट या गटाशी एक्झॉल्टेड (रेप्युटेशनची सगळ्यात वरची पायरी) झाल्यावर पुस्तक विकत मिळतं. रेप्युटेशन लांबलचक आहे, पण रस्ता सुंदर आहे, मला तरी आवडला.
- फेदरमेन: लीजनच्या हंटर क्लास हॉलमधून मिळणारं टोम ऑफ द हायब्रिड बीस्ट.
- ब्लड बीस्ट: उल्दिर रेडमधल्या (मोठ्या ग्रुपने लढायच्या जागेतल्या) झुल या बॉसकडून पुस्तक पडतं, पडलं तर.

पुस्तक वाचायच्या आधी प्राणी शोधत फिरू नका, एवढंच.

मग डोकं लावायचे प्राणी. २०११ मध्ये ४.२ पॅचबरोबर मोल्टन फ्रंट आलं, तिथे स्कार आणि कार्किन या आगीच्या मांजरी आणि डेथटिलॅक, किरिक्स, सोलिक्स हे कोळी खास हंटरना कोडं म्हणून ठेवलेले आहेत, साधं टेम केलं तर तुम्हालाच आडवं करतील असे. आता तुमची तब्येत त्यांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त असल्यामुळे सोपे झालेत, तरी प्रत्येकाची युक्ती वेगळी, पेटोपियावर वाचूनच जा. ड्रेनॉरच्या शॅडोमून व्हॅलीतली गारा तर वेगळंच प्रकरण, ती एक लपलेली गोष्ट आहे, क्वेस्ट लॉगमध्ये काहीही न दिसता पायरी पायरीने उलगडत जाते. ती कशी मिळते ते इथे लिहिणार नाही, एकदा तरी स्वतः करून बघा, अडलात तरच शोधा.

७. क्लासिकवाल्यांसाठी

इथे टेम करायला पूर्ण २० सेकंद लागतात आणि त्या वेळात तुमचं आर्मर शून्य असतं. म्हणजे प्राणी खरंच जीव घेऊ शकतो. ट्रॅप आणि लांबून सुरुवात हे इथे पर्याय नाहीत, गरज आहे. टेम करायला लेव्हल १० ला ट्रेनरकडची क्वेस्ट संपवावी लागते. प्राणी तुमच्या लेव्हलचा किंवा खालचा हवा.

स्टेबलमध्ये जागा फक्त दोन, अधिक सोबतचा एक. तिन्ही भरलेले असतील तर आधीचा एक सोडावाच लागतो, म्हणून दुर्मिळच्या मागे जाताना सोबत पेट न ठेवता जा, वाटेत त्रास होतो पण इलाज नाही. बीस्ट लोअर मारलं की प्राणी टेम होतो का ते कळतं.

क्लासिकमध्ये लोक रंगापेक्षा आकड्यांसाठी फिरतात. बॅडलँड्समधला ब्रोकन टूथ प्रसिद्ध आहे कारण त्याचा हल्ल्याचा वेग १.० आहे, दुसऱ्यांपेक्षा खूपच जलद, समोर जादूगार असेल तर त्याला स्पेल पूर्ण करू देत नाही. त्यामुळे त्याच्या जागांवर गर्दी असते. बॅरन्समधला काळा सिंह हुमार द प्राइडलॉर्ड मात्र निव्वळ देखणा म्हणून. टेम केल्यावर खाऊ घालायला विसरू नका, नाराज राहिला तर पळून जातो, खरंच पळून जातो.

८. टेम झाल्यावर

नाव लगेच द्या पण विचार करून द्या, भावनेच्या भरात दिलेलं नाव नंतर रेडमध्ये सगळ्यांना दिसतं.

स्टेबल मास्टरकडे जाऊन पेटचं स्पेशलायझेशन बघा. फेरॉसिटी म्हणजे प्रायमल रेज (सगळ्यांचा वेग काही वेळ वाढवणारं), ग्रुपला सगळ्यात उपयोगी. कनिंग म्हणजे मास्टर्स कॉल (अडकलेल्याला मोकळं करणारं). टेनॅसिटी स्वतःचा जीव वाचवायला. आता स्टेबलमध्ये हे बदलता येतं, त्यामुळे आवडीचा प्राणी चुकीच्या प्रकारचा म्हणून सोडायची वेळ येत नाही. स्पिरिट बीस्टला स्पिरिट मेंड पण असतं, एकट्याने खेळताना ते बरे करणं फार कामाला येतं.

स्पेक बदललात की एक्झॉटिक पेट बोलावता येणार नाही. तो हरवलेला नसतो, बीस्ट मास्टरीवर परत आलात की असतो. हे माहीत नसल्यामुळे घाबरून सपोर्टला तिकीट टाकणारे असतात.

आणि अबँडन हा पर्याय पेटच्या पोर्ट्रेटवर राइट क्लिक केलं की डिसमिसच्या शेजारीच दिसतो. हात सांभाळून.